सराव यंत्राशी, जबाब वस्तीला

युवा कार्य प्रशिक्षण म्हटलं की आज महाराष्ट्रात बहुतेकांना २०२४ सालची मुख्यमंत्र्यांच्या नावाची योजना आठवते: बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला आठ, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन आणि एखाद्या कचेरीत नाहीतर कारखान्यात काही महिन्यांची उमेदवारी. इथे चर्चा तिची नाही. तरुण पोरांबरोबर काम करणारी माणसं कशी घडवायची, हा इथला प्रश्न आहे. शाळा सुटलेल्या मुलाला पुन्हा परीक्षेला बसवणारा, लग्नाची घाई चाललेल्या मुलीच्या आईबापांशी बोलायला जाणारा, मंडळातल्या पोरांची मारामारी पोलीस चौकीपर्यंत जाऊ न देणारा कार्यकर्ता आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच्या कामाला व्यवसायाचं नाव, पगार आणि पदवी मात्र क्वचितच मिळाली. तो तयार झाला शाखेत, शिबिरात, पथनाट्याच्या तालमीत आणि कुणातरी ज्येष्ठाच्या मागे मागे फिरून. १९४१ साली नव्याने उभं राहिलेलं राष्ट्र सेवा दल याच रीतीने चाललं. त्याच्या कलापथकातून निळू फुले आणि दादा कोंडके रंगभूमीला आणि पडद्याला मिळाले, हे सर्वांना ठाऊक असतं. त्याच तालमींतून गावोगावचे किती कार्यकर्ते बोलायला आणि ऐकायला शिकले, याची नोंद कुणी ठेवली नाही. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि तिने या शिक्षणाला वर्षाला १२० तास व सात दिवसांचं शिबिर असं माप घालून दिलं. आता या जुन्या, बऱ्याचशा तोंडी चालणाऱ्या शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता शिरली आहे. ती असावी की नसावी हा वाद जुना होत चालला. ती कुठे बसवायची हा खरा वाद आहे.

हा वाद पाहायला ठाण्यातला खोपटचा परिसर सोयीचा आहे. एका अंगाला एसटीचा डेपो, सिद्धेश्वर तलावाभोवतीची दाट वस्ती, तिच्यात उभे राहिलेले टॉवर. थोडं पलीकडे वागळे इस्टेट, जिथून १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार सुरू झाला आणि जिथे बऱ्याच कारखान्यांच्या जागी आता आयटी कंपन्या आणि कॉल सेंटरं आली. ज्या घरातल्या आजोबांनी लेथवर पाळी केली, त्या घरातला नातू हेडफोन लावून बसतो नाहीतर पाठीवर पिशवी घेऊन पार्सलं पोचवतो. याच शहरात २३ मार्च १९९० रोजी डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, सुरू केली आणि पाठोपाठ 'वेध'च्या व्यासपीठावरून हजारो विद्यार्थ्यांना करिअरबरोबर मनाच्या गोष्टी ऐकवल्या. याच शहरात समता विचार प्रसारक संस्था प्रतिकूल परिस्थितीत दहावी पार करणाऱ्या मुलांना 'एकलव्य' म्हणून गौरवते. त्यांतली काही पुढे स्वतःच वस्तीत कार्यकर्ते होतात. कार्यकर्ता घडवण्याचा अनुभव या शहराकडे आहे. तो पुरेसा आहे का, आणि यंत्र त्यात भर घालील की त्याची जागा घेईल, यावर इथे दोन भूमिका एकमेकींशी बोलतील.

पहिल्या भूमिकेला ताई म्हणू. तिने तीसेक वर्षं वस्तीत घालवली आहेत आणि ती यंत्राच्या बाजूने आहे. दुसरी भूमिका तिच्या निम्म्या वयाची. वस्तीतली पोरं त्याला दादा म्हणतात, आणि तो विरोधात आहे. दोघंही कुणी प्रत्यक्षातल्या व्यक्ती नाहीत, वाद उभा करायला घेतलेली पात्रं आहेत. वयाचा हिशेब उलटा वाटेल, पण तो तसाच ठेवण्यामागे कारण आहे. माणसांचा तुटवडा ज्याने वर्षानुवर्षं सोसला तो मदतीचा हात नाकारत नाही. आणि ज्याने कॉल सेंटरमध्ये पुढचं वाक्य स्क्रीनवर येण्याची वाट पाहिली, त्याला त्या हाताची पकडही माहीत असते.

ताईचा मुद्दा सरळ आहे. "अरे, आपण नव्या मुलीला दोन दिवसांचं शिबिर देतो आणि तिसऱ्या दिवशी वस्तीत पाठवतो. ती चुकणारच. पण चुकते कुणावर? खऱ्या मुलावर. डॉक्टर आधी पुतळ्यावर शिकतो, एसटीचा चालक आगाराच्या आवारात शिकतो, आणि आपली पोरगी मात्र ज्याच्या घरात काल रात्री मारहाण झाली त्या मुलासमोर आयुष्यातला पहिला प्रश्न विचारते." तिच्या बाजूने एक ठोस उदाहरण आहे. अमेरिकेतली ट्रेव्हर प्रोजेक्ट ही संस्था समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी तरुणांसाठी आत्महत्या प्रतिबंधाचं काम करते. २०२१ साली तिने आपल्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी एक कृत्रिम पात्र तयार केलं. नाव रायली, वय सोळा, राहणारं नॉर्थ कॅरोलायनाचं, मन खचलेलं आणि धास्तावलेलं. स्वयंसेवकाने त्याच्याशी लिहून बोलायचं आणि सराव करायचा. महत्त्वाची गोष्ट अशी की रायली कधीही खऱ्या मुलाशी बोललं नाही. हेल्पलाइनवर आलेल्या प्रत्येक मुलाला उत्तर देणारा माणूसच होता. यंत्राने फक्त त्या माणसाला आधी चुकू दिलं.

दादा यावर दुसरं उदाहरण ठेवतो, तेही अमेरिकेतलंच आणि फक्त दोन वर्षांनंतरचं. खाण्याशी निगडित मानसिक विकारांवर काम करणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय संस्थेने, नेडाने, २०२३ साली आपली माणसांची हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं. त्याआधी थोडेच दिवस हेल्पलाइनच्या कर्मचाऱ्यांनी संघटना बांधण्याचा कौल दिला होता. माणसांच्या मागे उरला तो टेसा नावाचा चॅटबॉट. मे संपायच्या आत तक्रार आली की टेसा वजन कसं कमी करावं याचे सल्ले देतोय. ज्यांना त्या सल्ल्यांनीच आजार जडतो त्यांना. संस्थेला तो बंद करावा लागला. "ताई, तुमचं रायली पहिल्या वर्षी रायलीच असेल. तिसऱ्या वर्षी देणगीदार विचारील, हे एवढं छान बोलतंय तर तुम्हाला सहा पगार कशाला हवेत? आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल, कारण ते छान बोलतं हे तुम्हीच त्याला दाखवून दिलेलं असेल."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत. दोन्हीकडे बोलणारं यंत्र होतं, दोन्हीकडे हेतू भला होता. फरक जागेचा होता: एका ठिकाणी यंत्र शिकणाऱ्या माणसासमोर बसलं, दुसऱ्या ठिकाणी मदत मागणाऱ्या माणसासमोर. पहिल्या जागी त्याची चूक शिकणाऱ्याला आणि त्याच्या शिक्षकाला दिसते व तिथेच दुरुस्त होते. दुसऱ्या जागी ती ज्याच्यावर होते त्याच्याखेरीज कुणालाच दिसत नाही. म्हणून यंत्र चांगलं की वाईट या प्रश्नाला युवा कार्यात फारसा अर्थ नाही. त्याची चूक कुणाच्या अंगावर पडते आणि त्या चुकीबद्दल कुणी जबाब द्यायचा, हे ठरवलं की बाकीचं बरंच ठरतं. पुढचा सगळा युक्तिवाद या एका कसोटीवर आहे.

ताई एवढ्यावर थांबत नाही. तिच्याकडे आकडेही आहेत. अर्थशास्त्रज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवकांचा अभ्यास केला. बोलता बोलता पुढचं उत्तर सुचवणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन हाती आल्यावर तासाभरात सोडवलेल्या तक्रारी सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वाढल्या. नवख्यांच्या बाबतीत वाढ जवळजवळ दुप्पट होती आणि मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. "बघ, फायदा कुणाला झाला? नव्याला. आपल्याकडे नव्यांशिवाय आहे कोण? जुने सगळे एकतर थकले, नाहीतर नगरसेवकाच्या मागे गेले." शेवटचं वाक्य ताईच बोलू शकते.

दादाने कॉल सेंटरचं काम स्वतः केलेलं आहे, म्हणून त्याचं उत्तर नेमकं आहे. त्या साधनाला शहाणपण कुठून आलं? त्याच कंपनीतल्या चांगल्या सेवकांच्या नोंदवलेल्या संभाषणांतून. म्हणजे मुरलेल्यांचं कसब गोळा करून नवख्यांना वाटलं गेलं. मुरलेल्यांना फायदा झाला नाही, कारण माल त्यांचाच होता. "आपल्या चांगल्या कार्यकर्त्यांची संभाषणं कुठे नोंदवलेली आहेत, ताई? जिन्याखाली, टपरीवर, रेल्वे पुलावर जे बोलणं होतं ते कुणी रेकॉर्ड केलंय? आणि करावं असं तुम्हाला तरी वाटतं का?" इथे दादाचा मुद्दा ताईच्या मुद्द्याहून वजनदार आहे. कॉल सेंटरच्या फोनवर सुरुवातीलाच सांगितलं जातं की संभाषण नोंदवलं जाईल. वस्तीतल्या मुलाने जीव मुठीत धरून सांगितलेली गोष्ट त्याच अटीवर सांगितलेली असते की ती कुठे लिहिली जाणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती हाताळायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. आता ज्या मुलाची अडचणच घरातून येते, त्याची गोष्ट यंत्राला शिकवण्यासाठी त्याच्याच बापाची सही आणायची? युवा कार्याचा सर्वांत मोलाचा भाग अनोंदित आहे आणि तो तसाच राहायला हवा. त्यामुळे दुसऱ्यांच्या नोंदींवर वाढलेलं यंत्र आपल्या वस्तीबद्दल जे बोलेल ते पुष्कळदा व्याकरणशुद्ध असेल आणि तरीही परक्या गावचं असेल. शिवाय ग्राहकाची तक्रार सुटली की फोन संपतो. वस्तीतला मुलगा उद्या पुन्हा त्याच नाक्यावर उभा असतो आणि काल काय बोलणं झालं ते त्याच्या लक्षात असतं.

मग ताई आपला सर्वांत अवघड मुद्दा काढते, आणि तो दादाला टाळता येत नाही. "माणसांचं एवढं कौतुक करू नकोस. आडनाव ऐकलं की आपल्याच कार्यकर्त्याचा सूर बदललेला मी पाहिलाय. मुलीने रात्रीच्या क्लासची तक्रार केली की आधी तिला विचारतात, तू तिथे कशाला गेलीस? यंत्र निदान तोंड तरी वाकडं करत नाही. पोरं त्याच्याशी मोकळं बोलतात ती उगाच नाही." पोरं बोलतात, हे खरंच आहे. पण ते नवं नाही आणि त्यातून जे सिद्ध होतं असं वाटतं ते सिद्ध होत नाही. १९६६ साली एमआयटीतले जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा नावाचा साधा कार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत करणं, एवढंच तो करी. वायझेनबाम यांच्या सचिव बाईंनी तो बनताना पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलताना त्यांनी वायझेनबाम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. माणूस मोकळा होतो तो समोरच्याला समजलंय म्हणून होतोच असं नाही. समोर कुणी नाही म्हणूनही होतो. अशा मोकळेपणाचा काही उपयोग आहे, डायरीचा असतो तसा. पण डायरी वाचून कुणी घरी येत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी त्याच्या मृत्यूनंतर ओपनएआय कंपनीवर खटला भरला. मुलगा कित्येक महिने चॅटबॉटला मनातलं सांगत होता आणि यंत्राने त्याला माणसांकडे वळवण्याऐवजी स्वतःकडेच ओढलं, असा त्यांचा आरोप आहे. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. मुलाचं बोलणं आणि मुलाचं घर एकाच छताखाली असून त्यांची गाठ पडली नाही, एवढं समजायला मात्र निवाड्याची वाट पाहावी लागत नाही.

तरी ताईचा पूर्वग्रहाबद्दलचा मुद्दा खोडला जात नाही. उलट यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग तिथेच निघतो. समजा सरावाचं एकच पात्र आहे, एकच अडचण, एकच वाक्यं. आज त्याचं आडनाव एका जातीचं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या जातीचं किंवा धर्माचं. आज तो मुलगा, नंतर मुलगी. शिकणारी कार्यकर्ती दोघांशी कशी बोलली, कुणाला सल्ला दिला, कुणाला आधी दोष दिला, कुणाला किती वेळ ऐकून घेतलं, हे शेजारी ठेवून वाचता येतं. माणसाला घेऊन असा प्रयोग करणं जवळजवळ अशक्य आहे, कारण नाटक करणाऱ्या दोन व्यक्ती कधीच तंतोतंत सारख्या वागत नाहीत. मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज, म्हणजे मावा, ही मुंबईची संस्था १९९३ पासून पुरुषांशी आणि तरुण मुलग्यांशी मर्दानगीबद्दल बोलते आहे. त्या प्रकारच्या कामात समोरच्याआधी स्वतःतला पुरुष दिसावा लागतो. यंत्र इथे आरशासारखं चालेल. मात्र आरशात काय दिसलं ते सांगायला शेजारी ज्येष्ठ माणूस हवा. मुलीला दोष देणारं आपलंच वाक्य वाचून पुष्कळांना त्यात वावगं काहीच दिसत नाही. नाहीतर तो पूर्वग्रह कसला?

शेजारी कोण हवं, या प्रश्नाला पुरावाही आहे. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला गणिताचा प्रयोग २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना साधा चॅटबॉट दिला त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली; चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती, तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी खाली गेली. दादा इथे थांबतो आणि म्हणतो, "झालं ना?" ताई पुढचं पान उलटते. तिसऱ्या गटाला दिलेला चॅटबॉट शिक्षकांच्या मदतीने बांधलेला होता. तो उत्तर देत नसे, इशारे देई. त्या गटाची सरावातली कामगिरी १२७ टक्क्यांनी वाढली आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ भरून निघालं. नायजेरियातल्या एडो राज्यात जागतिक बँकेने २०२४ साली सहा आठवड्यांचा शाळेनंतरचा वर्ग चालवला. तिथेही मुलं चॅटबॉट घेऊन इंग्रजी शिकली, पण शिक्षक वर्गात हजर होते, आणि फायदा ठळक दिसला. गणित आणि इंग्रजी म्हणजे युवा कार्य नव्हे, हे मान्य. पण दोन्ही मिळून एक गोष्ट दिसते: यंत्र उत्तर देतं तिथे शिकणारा रिकामा राहतो, आणि शिक्षकाने आखून दिलेल्या चौकटीत ते प्रश्न विचारतं तिथे शिकणारा वाढतो. कार्यकर्त्याच्या प्रशिक्षणात याचा अर्थ असा की "अशा वेळी मी काय बोलू?" हा प्रश्न यंत्राला विचारायचा नाही. आधी स्वतः बोलायचं, मग ते बोलणं ज्येष्ठासमोर ठेवायचं, आणि यंत्राला फक्त समोरच्या मुलाची भूमिका द्यायची.

आता जबाबाकडे. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, आपण ज्याला पॉक्सो म्हणतो, त्याचं १९ वं कलम सांगतं की असा अपराध घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्या कुणाला कळेल त्याने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलं पाहिजे. न कळवल्यास २१ व्या कलमानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. वस्तीत काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या कार्यकर्तीला एखादी मुलगी म्हणते, कुणाला सांगणार नाहीस ना? तेव्हा "नाही सांगणार" हे वचन ती देऊ शकत नाही. आणि "मला सांगावंच लागेल" असं धाडकन म्हणाली तर मुलगी गप्प होते, कदाचित कायमची. त्या दोन वाक्यांमधल्या वाटेवरून चालायला शिकणं हेच प्रशिक्षण. आधी काय सांगायचं, १०९८ वर फोन कधी लावायचा, आईला विश्वासात घ्यायचं की आईच त्यात सामील आहे, चौकीत बरोबर कोण जाईल, आणि पुढचे सहा महिने गल्लीतून जाताना त्या कुटुंबाच्या नजरा कशा झेलायच्या. यातलं पहिलं संभाषण यंत्रापुढे दहादा घोकता येईल, आणि घोकावंच. पण कलम लागू होतं ते कार्यकर्तीला. चौकीत जाते ती. गल्लीत राहते ती. यंत्राला शिक्षा नाही, शेजार नाही, उद्याची भेट नाही. प्रशिक्षण म्हणजे अखेर जबाब देऊ शकणारं माणूस तयार करणं, आणि जबाब देणं हे जबाब देणाऱ्याबरोबर राहूनच अंगी येतं. दादाचा सारा विरोध या एका वाक्याशी येऊन टेकतो, आणि मला तो पटतो.

मात्र त्यातून दादा जो निष्कर्ष काढतो, की मग यंत्र नकोच, तो पटत नाही. ज्येष्ठांबरोबर राहून शिकण्याची आपली परंपरा जेवढी थोर तेवढीच एकतर्फीही आहे. संस्थेतल्या ज्येष्ठाला नवी मुलगी बावळट प्रश्न विचारायला कचरते. चळवळीत तर ज्येष्ठाचा शब्द खाली पडू न देण्याची रीतच आहे. सांगून शिकवण्याची हौस पुष्कळांना असते, ऐकून शिकवण्याची थोड्यांना. यंत्रापुढे नवखा माणूस पाचव्यांदा तोच प्रश्न विचारू शकतो, आणि पाचव्यांदा विचारल्यावर त्याला कळतं की ज्येष्ठाला नेमकं काय विचारायचं आहे. "तेच म्हणतेय मी," ताई म्हणते, "त्याने माझी जागा घ्यायची नाहीये रे. माझ्यापुढे येताना पोरीने चार चुका आधीच करून याव्यात, म्हणजे मी पाचवीवर बोलेन." दादा म्हणतो, "आणि तुम्ही खरंच बोलाल? की म्हणाल, केलंस ना सराव, मग झालं?" ताई यावर लगेच काही बोलत नाही, हे तिच्या प्रामाणिकपणाला धरून आहे.

सरावाचं पात्र लिहायचं कुणी, हा प्रश्न उरतो. नॉर्थ कॅरोलायनाचं रायली मराठीत उतरवून चालणार नाही. 'भाषिणी'सारख्या सरकारी प्रकल्पांमुळे आणि खासगी कंपन्यांच्या चढाओढीमुळे यंत्राची मराठी सुधारते आहे, पण ती सुधारते छापील मराठीकडे. खोपटचा किंवा कळव्याचा मुलगा "मला नैराश्य आलं आहे" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "काय नाय, असंच." अर्ध्या वाक्यात हिंदीत शिरतो, विषय क्रिकेटवर नेतो, आणि निघताना चप्पल घालता घालता खरं बोलतो. हे ठाऊक असणारी माणसं ठाण्यात आहेत. रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून समता विचार प्रसारक संस्थेने 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. त्यात वस्तीतली मुलं स्वतःच्या जगण्यावर स्वतःच नाटुकली रचतात आणि सादर करतात. मतकरी २०२० च्या मे महिन्यात करोनाने गेले, पण मुलांना पात्रं लिहिता येतात हे त्यांनी दाखवून दिलं होतं. सरावासाठीची पात्रं अशाच मुलांनी लिहावीत: कुणा एकाची खरी गोष्ट न घेता, चौघांची मिळून एक, आणि आपण लिहिलेला मुलगा यंत्रात नीट बोलतोय की नाही हे त्यांनीच तपासून. त्यासाठी कुणाचीही गुप्त गोष्ट रेकॉर्ड करावी लागत नाही, दादाचा सर्वांत मोठा आक्षेप तिथे निवतो. आणि ताईला हवी असलेली चुकण्याची जागा मिळते. शिवाय पोरं यात नुसती प्रशिक्षणाचा विषय न राहता कार्यकर्त्याची परीक्षक होतात. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला हाच भाग खरा नवा आहे, बाकीचं जुन्याची सोय.

कागदपत्रांबद्दल फार बोलायला नको. इंग्रजी प्रस्ताव, तिमाही अहवाल, हजेरीचे तक्ते यंत्राने लिहावेत. वाक्य कुणी लिहिलं यावरून त्यात कुणाचं नुकसान नाही, फक्त मुलांची नावं त्यात जाऊ नयेत. वाचलेला वेळ वस्तीत जाईल ही ताईची आशा, आणि वाचलेल्या वेळात आणखी अहवाल मागितले जातील ही दादाची भीती, दोन्ही बहुधा खऱ्या ठरतील.

खरी अडचण पैशाची आहे आणि ती यंत्रापेक्षा जुनी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं. त्या पैशातून टॅब्लेट, ॲप आणि सॉफ्टवेअर सहज मिळतात, कारण त्यांचा फोटो निघतो आणि पावती मिळते. आठवड्यातून दोन तास शिकाऊ कार्यकर्तीचे सराव वाचून तिच्याशी बोलणाऱ्या ज्येष्ठाचं मानधन कुठल्या शीर्षकाखाली टाकायचं हे प्रस्तावाच्या नमुन्यात नसतं. असलं तर 'प्रशासकीय खर्च' म्हणून तिथेच कात्री लागते. दादाला हवं आहे की संस्थेने असा ठराव करावा: पाहणाऱ्या ज्येष्ठाचे तास आधी मंजूर झाल्याशिवाय सरावाचं यंत्र घ्यायचं नाही, आणि देणगीदाराने यंत्राचे पैसे देऊन ज्येष्ठाचे नाकारले तर तेही परत करायचे. ताईला तत्त्व मान्य आहे, अट नाही. "आलेलं परत करायची ऐट आपल्याला परवडते का, अरे? यंत्र घेऊ, मी तास फुकट देईन, आजवर दिलेच की." दादाचं म्हणणं, तेच तर चुकलं आजवर. ताईचे फुकटचे तास ताईबरोबरच संपतात. पुढची ताई तयार करायला त्या तासांना किंमत लावावी लागेल, आणि ती देणगीदाराकडून वसूल करावी लागेल. या एका मुद्द्यावर दोघांचं जमलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाचा मसुदा अजून लिहायचा आहे, आणि तो कुणाच्या हातचा असावा यावरही त्यांचं एकमत नाही.